उत्तेजनार्थ म्हणजे नंबर नव्हे

करंजोळ्याच्या माध्यमिक शाळेने हिवाळी सत्रात काय पराक्रम गाजवला, हे खुद्द शाळेला डिसेंबर संपेपर्यंत ठाऊक नसायचं. कुमुदबाई बर्वे ते कागदावर उतरवायच्या, मुख्याध्यापक स्नेहसंमेलनात माइकवर वाचायचे, आणि आपल्या हातून एवढं सगळं झालं हे ऐकून शाळा टाळ्या वाजवायची. सव्वीस वर्षं हाच क्रम. बाई शिकवायच्या मराठी, पण गावात त्यांची ओळख 'अहवालवाल्या बाई' हीच. येत्या मे अखेरीला त्या निवृत्त व्हायच्या होत्या, म्हणजे यंदाचा अहवाल शेवटचा.

या कामासाठी बाईंनी एक वेगळीच भाषा घडवली होती. 'सहभाग' म्हणजे गेले आणि परत आले. 'उल्लेखनीय सहभाग' म्हणजे गेले, परत आले, आणि मधल्या वेळात परीक्षकांपैकी कुणीतरी ओळखीचं निघालं. 'चुरशीची लढत' म्हणजे कबड्डीत एक्केचाळीस विरुद्ध नऊ, आणि त्या नवातले दोन गुण पंचांच्या चुकीने मिळालेले. 'वक्तृत्व स्पर्धेत भावपूर्ण सादरीकरण' म्हणजे पोरगी तिसऱ्या वाक्याला अडकली आणि स्टेजवर रडली. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बावीस मुलं बसली आणि बावीसच्या बावीस जणांना सी मिळाला, तर त्याचं झालं 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. यंदा तर किनारा स्वच्छता अभियानही पार पडलं होतं. साठ मुलांनी मिळून चार पोती कचरा गोळा केला, शिक्षकांनी एकशे बारा फोटो काढले, आणि शेवटी वाटलेल्या बिस्किटांचे साठ कागद वाळूत टाकून मंडळी गाणी म्हणत परत आली. बाईंनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी किनाऱ्यावर आपला ठसा उमटवला.'

हे लिहिताना बाई मनातल्या मनात नाक मुरडत असत. सगळ्या शाळेकडेच त्या नाक मुरडत. मुख्याध्यापक ठाकूर सर त्यांच्या लेखी शाल घ्यायला जन्मलेला माणूस होता. शाल म्हटली की खांदे पुढे, काम म्हटलं की बैठक. सहकाऱ्यांची ऱ्हस्व-दीर्घ बघून त्यांचं डोकं उठे. आणि संस्थेचे कार्यवाह नाना बर्वे म्हणजे तर त्यांचे चुलत दीरच. शाळेच्या दरवाजावर आपलं नाव मोठं का शाळेचं, हे ज्यांना उभ्या आयुष्यात ठरवता आलं नाही, त्यांच्याविषयी बाई घरी काय बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अहवालात मात्र नाना दर वर्षी 'आदरणीय' आणि 'द्रष्टे' असत.

कुणी विचारलंच, तर बाईंचं उत्तर तयार असे. "खोटं एक अक्षर मी लिहीत नाही. उल्लेखनीय म्हणजे काय? उल्लेख करण्याजोगं. मी उल्लेख केला, झालं ते उल्लेखनीय. कोशात बघून घ्या!" आणि समोरचा गप्प बसे, कारण कोश करंजोळ्यात फक्त बाईंच्याच घरी होता.

लिहिताना अशी कसरत करणारी ही बाई बोलायला मात्र उघडीवाघडी. मनात एक आणि ओठांवर एक असलं त्यांच्या तोंडी नव्हतंच. एका बापाला त्यांनी भर पालकसभेत सांगितलं होतं, "तुमच्या पोराला गणित सात जन्मांत यायचं नाही. त्याला टेम्पो घेऊन द्या." बाप चिडला, शाळेवर अर्ज करीन म्हणाला, आणि मग त्याने खरंच टेम्पो घेऊन दिला. आज त्या पोराचे तीन टेम्पो न्हावा शेव्याच्या रस्त्यावर धावतात. तेव्हापासून वाड्यांमधल्या आळीत काय आणि खाडीकडच्या पाड्यावर काय, बर्वेबाई फटकळ आहे पण बोलते ते खरं, असं सगळे मानत. बाईंना या लौकिकाचा भारी अभिमान होता. शाळेतल्या कुठल्याही शालीपेक्षा त्यांना तो मोठा वाटे.

यंदाच्या तालुका विज्ञान प्रदर्शनाला मुलांबरोबर कोण जाणार, यावर स्टाफरूममध्ये तीन दिवस खल झाला. विज्ञानाच्या शिक्षकांना नेमकं त्याच दिवशी लग्नाला जायचं होतं. अखेर मराठीच्या बाई विज्ञानाच्या प्रदर्शनाला गेल्या. शाळेच्या दोन वस्तू होत्या. पहिली नानांचा नातू अजेय याची 'स्मार्ट कचराकुंडी'. हात पुढे केला की झाकण आपोआप उघडतं म्हणे. ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून तयार आली होती. अजेयने फक्त शाळेचं नाव चिकटवलं होतं, तेही तिरकं. दुसरी वस्तू दहावीतल्या जागृती घरतची. तिने उघाडी केली होती.

समुद्राकडच्या आळीतल्या लोकांना उघाडी ऐकून माहीत असते, खाडीकडच्यांना ती रोज लागते. खारजमिनीच्या बांधात एक दार ठेवतात. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर जातं आणि भरतीला ते दार मिटून खारं पाणी आत येऊ देत नाही. दारात कचरा अडकला, ते अर्धवट उघडं राहिलं, की भातशेती खाऱ्या पाण्याखाली जाते आणि मग तीन-चार वर्षं तिथे गवतही धड येत नाही. जागृतीचा बाप काळूराम ट्रेलर चालवतो. त्याच्या जुन्या टायरचं रबर कापून तिने दाराची झडप केली होती, आणि झडप नीट मिटली नाही तर तरंगणारा डबा वर चढून सायकलची घंटा वाजेल अशी जोडणी केली होती. पाटात काठी घालून ती झडप अडवायची, पाणी ओतायची, आणि घंटा वाजायची.

प्रदर्शनात अजेयच्या कचराकुंडीने हाय खाल्ली. परीक्षकांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. शेवटी एका परीक्षकांनी बोटाने झाकण उचलून आत बघितलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. जागृतीच्या टेबलापाशी मात्र ते खाली बसले, तांब्या स्वतःच्या हातात घेतला, आणि तीन वेळा पाणी ओतून तीन वेळा घंटा वाजवली. कुमुदबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचं लक्ष मागच्या तक्त्यावर होतं. तक्त्यावर 'भरती' ऱ्हस्व लिहिलं होतं, 'ओहोटी' ऱ्हस्व लिहिलं होतं, आणि 'क्षारता' तर असं लिहिलं होतं की बाईंना डोळे मिटावेसे वाटले. अख्ख्या प्रदर्शनात बाईंनी एवढंच पाहिलं.

संध्याकाळी निकाल लागला. पहिले तीन क्रमांक दुसऱ्या शाळांना गेले, जागृतीला उत्तेजनार्थ मिळालं, अजेयला सहभागाचं प्रमाणपत्र, जे प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येकाला मिळत होतं. येताना टमटममध्ये जागृती प्रमाणपत्र मांडीवर सरळ धरून बसली होती. बाई तिला म्हणाल्या, "तक्ता मला आधी दाखवायचा होतास. शुद्धलेखनावर गेला तुझा नंबर."

चार दिवसांनी एस. टी. स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर नानांचा चेहरा परातीएवढा, ठाकूर सरांचा ताटलीएवढा, अजेयचा वाटीएवढा. मजकूर बाईंचा, कारण नानांनी घरी येऊन सांगितलं होतं, "वहिनी, मुलाला जरा प्रोत्साहन म्हणून दोन ओळी." वहिनींनी दोन ओळी दिल्या. 'तालुका विज्ञान प्रदर्शनातील उल्लेखनीय सहभागाबद्दल चि. अजेय याचे हार्दिक अभिनंदन!' छापणाऱ्याने त्यातला 'उल्लेखनीय' हातभर केला, 'सहभाग' चिमूटभर केला, आणि 'विज्ञान'च्या जागी 'विद्न्यान' छापलं. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना बाईंनी तो फ्लेक्स पाहिला आणि त्यांचा तिळपापड झाला. विद्न्यान! ज्या मजकुराची जबाबदारी आपल्यावर, त्यात विद्न्यान!

नेमका त्या वेळी काळूराम घरत तिथे येऊन उभा राहिला. पंधरा दिवसांनी घरी आला होता, अंगावर ड्रायव्हिंगचा शिणवटा तसाच होता. त्याने फ्लेक्स खालपासून वरपर्यंत नीट वाचला, मग बाईंकडे वळला.

"बाई, मना एक सांगा. तुमी खोटा बोलत नाय, म्हनून तुमालाच इचारतो. आमचे जागृतीला काय गावला तिथं?"

"उत्तेजनार्थ," बाई म्हणाल्या. डोळे त्या द आणि न्यवरच होते.

"म्हंजे नंबर ना?"

कुमुदबाईंना शब्दांचा असा राडा सहन होत नसे, आणि त्या सकाळी तर मुळीच नाही. त्यांनी वर्गात समजावतात तशी तर्जनी वर केली.

"नंबर कसला, काळूराम? पहिला, दुसरा, तिसरा, हे नंबर. उत्तेजनार्थ म्हणजे नंबर नव्हे. पोरं नाउमेद होऊ नयेत म्हणून पाठीवर दिलेली थाप ती."

"म्हंजे नंबर नाय."

"नाही."

"बरा झाला तुमाला इचारला," असं म्हणून काळूराम निघून गेला. बाईंनी छापखान्याला फोन लावला आणि विद्न्यानवरून त्याची बिनपाण्याने केली.

शनिवारी ठमी त्यांच्या वाडीत आली. ठमी म्हणजे काळूरामची बायको. बाईंचे यजमान हरिभाऊ वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना देत; काशीदला जागा मिळाली नाही की लोक इकडे सरकत, आणि त्यांच्या जेवणाला लागणारी भाजी ठमी आणून टाकी. एरवी ती पाटी उतरवून हिशेबाआधी पाणी मागे. त्या दिवशी तिने पाटी आपटली.

"काय केलाव बाई तुमी ह्यो?"

"मी काय केलं?"

"आमचे घरवाल्याला सांगलाव ना, पोरीचा नंबर नाय म्हनून?"

मग तिने सगळं सांगितलं. गणपतीत भावकी जमली होती. कुणीतरी म्हणालं, पोरीला दहावीनंतर सायन्सला घालून काय करणार, रोज अलिबागला कोण पाठवणार. काळूरामला जागृतीने विज्ञान प्रदर्शनाचं नुकतंच सांगितलं होतं. तो चार माणसांत मांडीवर हात मारून बोलून गेला, की त्या प्रदर्शनात नंबर आणलान तर पोरगी अलिबागला सायन्सला जाईल, नाहीतर उरणला मावशीच्या ब्युटी पार्लरात शिकायला बसेल. आणि काळूराम घरतचा शब्द म्हणजे शब्द. पोरीने घरी येऊन सांगितलं, बक्षीस मिळालं. तो म्हणाला, बक्षीस वेगळं, नंबर वेगळा, बाईंनाच विचारतो.

"आता त्यानं मावशीला फोन केलाय. परीक्षा झाली का पोर उरनला. सगला दप्तर गुंडालून ठेवलाय तिनं. जेवत नाय, बोलत नाय." ठमीचा आवाज चढला. "एक 'व्हय' बोललाव असताव तं तुमची काय जीभ झरली असती?"

"मी खोटं बोलू?" बाई ताठ झाल्या. "ठमे, मी आयुष्यात कधी..."

ओटीवर हरिभाऊ नारळ सोलत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अगं, सव्वीस वर्षं काय करत्येस मग?"

बाईंनी वळून पाहिलं. हरिभाऊ पुढचा नारळ पहारेवर घेत होते. ठमी पाटी रिकामी करून निघून गेली, पाणीही न मागता. बाई स्वयंपाकघरात गेल्या, कुठल्याशा डब्याची झाकणं उघडत-मिटत राहिल्या, आणि दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. ज्या पोराला काडीचं काही मिळालं नाही त्याचा आपल्याच शब्दांचा फ्लेक्स स्टँडवर, आणि जिला खरोखर काही मिळालं तिला आपण भर रस्त्यात खोडून काढलं. नानांच्या नातवाला त्यांनी कोश उघडून शब्द शोधून दिला होता. काळूरामच्या पोरीच्या वेळी कोश आठवलासुद्धा नाही. चुलत दिराच्या घरी खरेपणाला दार बंद, आणि काळूरामपुढे मात्र हरिश्चंद्राचा अवतार! आपल्या या खरेपणाची बाईंना पहिल्यांदाच शिसारी आली.

रविवारी सकाळी त्या खाडीकडच्या पाड्यावर गेल्या. जाताना काखेत अहवालांची फाइल होती. काळूराम अंगणात खाटेवर बसला होता. त्याने उठून खुर्ची दिली. ठमी दारात उभी राहिली आणि आत गेली नाही.

"काळूराम, माझं त्या दिवशी चुकलं," बाईंनी सरळच सुरुवात केली. "उत्तेजनार्थ म्हणजे चौथा नंबरच तो. बत्तीस शाळांमधून चौथी आली तुझी पोरगी."

काळूराम हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, त्यामुळे बाईंना जास्त लागलं.

"ठमी आली व्हती ना तुमचेकरं? रस्त्यावर बोललाव तो खरा, बाई. तवा तुमाला कायच ठाव नव्हता म्हनून खरा बोललाव. आता पोरीची दया आली. मना समजतं."

"अरे, दया नाही. चौथा म्हणजे चौथाच."

"तुमीच बोललाव, पयला, दुसरा, तिसरा. तुमी बोललाव म्हंजे झाला. आख्ख्या गावात तुमी एकच हाव, जिचा बोलना मी धरतो."

आता बाई अडकल्या. ज्या लौकिकावर त्या सव्वीस वर्षं मिरवल्या, तोच पोरीच्या वाटेत आडवा पडला होता. तो उचलून बाजूला टाकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी फाइल उघडली.

"ऐक. हे बारा वर्षांपूर्वीचं. 'कबड्डीत जिल्हा पातळीवर चुरशीची लढत.' संघ पोहोचलाच उशिरा. खेळायच्या आधीच बाद."

काळूराम पुढे सरकला. "त्या टायमाला आमचे भावकीतला दिपेश व्हता संघात. आमी टाल्या वाजवल्या व्हत्या."

"वाजवल्या असशील. हे पुढचं. 'संस्कृत पाठांतरात कु. अनुया हिचे घवघवीत यश.' स्पर्धेत दोनच मुली होत्या, ही दुसरी आली. हे बघ, 'द्रष्टे कार्यवाह यांच्या प्रेरणेने ग्रंथालयात मोलाची भर.' नानांच्या घरची रद्दी होती ती. वाळवी लागली होती, आम्ही मागच्या अंगणात जाळली. आणि 'शाळेच्या बागेत शंभर वृक्षांचे रोपण.' शंभर रोपं लावली हे खरं. किती जगली ते मी लिहिलंच नाही, कारण विचारलं नव्हतं कुणी."

सुरुवातीला काळूराम खदखदून हसत होता. एकदा तर त्याने ठमीला हाक मारली, "ऐक, ऐक गो!" मग हळूहळू त्याचं हसणं ओसरलं. बाई वाचतच राहिल्या. एकदा बांध फुटला म्हणजे पाणी काही माणसाला विचारून येत नाही. शंकराच्या देवळात सांगितली नसती ती एकेक ओळ त्यांनी काळूराम घरतच्या अंगणात सांगितली, आणि प्रत्येक ओळीसरशी आपण या माणसाच्या नजरेत खाली उतरतो आहोत हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"आन तो अजेय?" काळूरामने विचारलं. "स्टँडवर हाय तो?"

"काही नाही मिळालं त्याला. झाकण उघडलंच नाही त्याच्या डब्याचं. परीक्षकाने बोटाने उघडलं."

"मंग त्यो फ्लेक्स?"

"मी लिहिला."

काळूराम खाटेवर मागे सरकला. मग म्हणाला, "म्हंजे तुमी पन तसल्याच."

सव्वीस वर्षांत कुमुदबाईंना असं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. उत्तर जिभेवर आलं होतं, चांगलं धारदार आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"मंग तुमचा 'नाय' तरी मी कशाला धरू?"

"तेच सांगायला आलेय. धरू नकोस."

"आन 'व्हय' पन नाय धरनार," काळूराम म्हणाला. "आता मी कोनालाच इचारनार नाय. पोरीलाच इचारतो." आणि त्याने हाक मारली, "जागृती! भायेर ये गो."

जागृती बाहेर आली. डोळे सुजलेले होते, केस विंचरलेले नव्हते. ती आईच्या शेजारी उभी राहिली.

"मना सांग," बाप म्हणाला, "नंबर-बिंबर जाऊ दे. तो परदर्शनातला दरवाजा तू केलास, तो तुला कसा सुचला? आन तुला सायन्सला जावाचा हाय कशाला? मना पटला तं मी माझा शब्द माझेच तोंडानं मोरीन. काय बोलाचा तो भावकीला मी बोलेन."

एवढ्या वेळात पहिल्यांदा कुमुदबाईंना हायसं वाटलं. त्या खुर्चीत सावरून बसल्या, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने पोरीला उत्तेजन द्यायला हसल्या. "बोल बाळ, बोल. घाबरू नकोस. नीट वाक्य करून सांग."

जागृतीने बाईंकडे बघितलं. मग बापाकडे.

"बाई हायेत तवर मी नाय बोलनार."

"जागृती!" ठमी ओरडली.

"नाय बोलनार," पोरगी म्हणाली. ती मागे हटली नाही. "मी उघाडीचा सांगत व्हती, तवा बाई तक्ता वाचत व्हत्या. मना टमटममधी बोलल्या, शुद्धलेखनावर गेला. एकदा पन इचारला नाय, घंटा कशी वाजते."

कुमुदबाई उठल्या. खुर्चीचा पाय अंगणातल्या खड्ड्यात अडकला, तो त्यांनी सोडवला, आणि त्या आपल्या आपण घराला वळसा घालून मागच्या बाजूला, पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पालकसभेत बापांना उभं करणारी ही बाई पोरीने घराबाहेर काढली म्हणून वाफ्यावर उभी! करंजोळ्यात कुणी पाहिलं असतं तर महिनाभर पुरलं असतं.

पुढच्या अंगणातून बोलणं येत होतं. शब्द नीट कळत नव्हते, पण पोरीचा आवाज आधी अडखळत, मग सलग येऊ लागला. मध्येच ती 'आज्याची शेती' म्हणाली, मध्येच 'खारा पानी', एकदा काळूरामने काहीतरी विचारलं आणि तिने भराभर, बापाला चुकीचं ठरवत उत्तर दिलं. मग बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि घंटा वाजली. काळूराम म्हणाला, "परत कर." घंटा परत वाजली. बाईंना पुढे जाऊन बघावंसं फार वाटलं. त्या गेल्या नाहीत. दहावीच्या वर्गात ही मुलगी वर्षभर चौथ्या बाकावर बसली होती, आणि तिचा आवाज एवढा मोठा आहे हे बाईंना माहीत नव्हतं.

बराच वेळ गेला. ठमी चहाचा कप घेऊन मागे आली, बाईंच्या हातात दिला, आणि परत गेली. चहा प्यावा की नाही ते बाईंना कळेना. तो निवून गेला.

मग काळूराम आला. चेहरा ओढलेला होता, पण डोळ्यांत काहीतरी नवं होतं. जन्मात पहिल्यांदा शब्द मोडणाऱ्या माणसाला जे वाटतं ते असेल.

"जाते ती सायन्सला," तो म्हणाला. "जूनपासून. मावशीला मी सांगतो."

कुमुदबाईंचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं. आणि खोड काही मेल्याशिवाय जात नाही. त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात वाक्य जुळायला लागलं. यंदाचा अहवाल शेवटचा. त्यात पहिली ओळ हिचीच घालायची, अजेयच्या वर, नानांच्या वर, काय व्हायचं ते होऊ दे.

"काळूराम," त्या म्हणाल्या, "या वेळी मी असं लिहिते की—"

"नको बाई." काळूरामने हात जोडले. त्यात उर्मटपणा नव्हता. गाडीच्या काचेपाशी आलेल्या माणसाला नाही म्हणताना जोडतात तसे ते हात होते. "तेवरा एक करा. त्या अहवालात तिचा नाव घालू नका. पोर बोलली मना, त्यात गेला का मंग तो कोनाला खरा वाटत नाय."